वरच्या मजल्यावरच्या लँडिंगला उजेड हवा असेल तर काच आडवी नको, उभी लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये १५×५० फुटांच्या प्लॉटवर रो हाउस आहे. डाव्या-उजव्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांना लागून आहेत, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. पहिल्या मजल्यावर जिना संपतो तिथलं लँडिंग भर दुपारीही अंधारं असतं. तिथून दुसरा जिना गच्चीवर जातो आणि त्यावर टॉवर, म्हणजे जिन्याच्या डोक्यावरची खोली, आहे. टॉवरला लोखंडी पत्र्याचं दार आणि एक छोटंसं व्हेंटिलेटर आहे. लँडिंगच्या वरच्या स्लॅबला २×३ फुटांचं भोक पाडून काच बसवावी का, पावसात गळेल का, उन्हाळ्यात तापेल का?

भोक लगेच पाडू नका, आणि स्लॅबवर सपाट काच तर मुळीच बसवू नका. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जेमतेम खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. अशा ठिकाणी आडव्या काचेवर सगळ्यात जास्त ऊन पडतं ते नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ते आपल्याला अजिबात नको असतं. २×३ म्हणजे सहा चौरस फूट, अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त. साध्या काचेतून दुपारी तिथे ४००-४५० वॅटची शेगडी पेटवल्याइतकी उष्णता आत येईल. शिवाय मार्चमधल्या गारा, मेमधली धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस हे सगळं आडव्या काचेवर थेट पडतं. उभ्या काचेवर यातलं फारच थोडं येतं. म्हणून उजेड वरूनच आणायचा असला तरी काच उभी ठेवायची.

आधी उजेड नेमका कुठे अडतोय ते शोधा. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजण्याचं एखादं फुकट ॲप घ्या. दुपारी १२ वाजता गच्चीचं दार बंद ठेवून फोन लँडिंगच्या फरशीवर उताणा ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग गच्चीचं दार सताड उघडा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. त्यानंतर दार पुन्हा लावून खोल्यांची दारं उघडा आणि तिसऱ्यांदा मोजा. हेच सगळं संध्याकाळी ४ वाजता करा. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण आपल्याला फक्त प्रमाण हवं आहे. जिन्यावर सुखाने वावरायला साधारण १०० लक्स पुरतात. गच्चीचं दार उघडल्यावर आकडा १५ वरून ६०-७० वर गेला, तर तुमचं उत्तर टॉवरमध्ये आहे, स्लॅब फोडायची गरज नाही. खोल्यांची दारं उघडल्यावर वाढला, तर दारांच्या वरच्या भिंतीत काच घालून काम होईल. दोन्हीने फरक पडला नाही, म्हणजे लँडिंगचा अंधारा कोपरा जिन्याच्या पोकळीपासून सात-आठ फूट आत स्लॅबखाली आहे, तरच छताचा विचार करा. ही अर्ध्या तासाची तपासणी न करता कंत्राटदाराला बोलावलं तर तो भोकच सुचवेल, कारण त्याला तेच काम येतं.

बहुतेक रो हाउसमध्ये उत्तर टॉवरच निघतं, म्हणून तिथे थोडं थांबू. टॉवरच्या भिंती गच्चीच्या वर मोकळ्या असतात. शेजाऱ्याने अजून मजला चढवला नसेल तर तिन्ही-चारी बाजूंचं आभाळ त्यांना दिसतं. तरी आपण तिथे पत्र्याचं दार आणि वीतभर व्हेंटिलेटर लावून तो सगळा उजेड बाहेर ठेवतो. उत्तरेच्या भिंतीत ३ फूट रुंद, २ फूट उंच खिडकी काढा, शक्य तितकी वर, टॉवरच्या स्लॅबला लागून. वर असलेल्या काचेला आभाळाचा जास्त भाग दिसतो आणि तिचा उजेड समोरच्या भिंतीवर पडून खाली उतरतो. खरा दिवा म्हणजे ती समोरची भिंत. ती पांढरी मॅट रंगवली नाही तर खिडकी काढल्याचं निम्मं फळ वाया जातं.

उत्तरेला जागा नसेल तर दक्षिण चालेल, पण छज्जा हवाच. इथला हिशोब सोपा आहे. दोन फूट उंच खिडकीच्या वरच्या कडेला एक फुटाचा छज्जा असेल, तर २१ मार्च ते २३ सप्टेंबर दुपारचं ऊन काचेवर येत नाही. डिसेंबरात सूर्य दुपारी ४४ अंशांवर असतो, तेव्हा खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात येतो आणि थंडीत ते ऊन हवंसंच वाटतं. उत्तरेच्या खिडकीला मे ते जुलैत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन लागतं, त्यासाठी दोन्ही कडांना ६ इंचांची उभी पट्टी पुरते. पूर्व चालते. पश्चिमेला मात्र काच घालू नका. संध्याकाळकडे ऊन आडवं होत जातं, ते छज्ज्याने अडत नाही.

खिडकी काढण्याआधी टॉवरच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे का ते पाहा. आपल्याकडे ती हमखास असते. १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ते त्याच भिंतींवर उतरतं. टाकी रिकामी करा, स्लॅबला टेकू द्या, मगच भिंतीला हात लावा. आधी खाच पाडून लेंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, घालायचं, दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेकवून. ते पिकल्यावर खालच्या विटा काढायच्या. उलट क्रमाने केलं की वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते आणि पुढच्या पावसात तीच गळते. टाकीच्या अगदी खालच्या भिंतीत उघाड करूच नका, दुसरी भिंत निवडा. खिडकीची खालची कड गच्चीच्या फरशीपासून किमान एक फूट वर असावी. तिला बाहेर उतार द्या आणि तिच्या पोटाशी पाणी तोडणारी खाच ठेवा.

दार बदलणं हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. खालचा अर्धा पत्रा तसाच ठेवा, वरच्या अर्ध्यात पत्रा कापून ४ इंचांच्या अंतरावर १० मिलिमीटरचे चौकोनी बार वेल्ड करून घ्या आणि आतून लॅमिनेटेड काच बसवा. चोर, माकडं आणि पाऊस तिघेही बाहेर राहतात. टॉवरमध्ये वरच्या बाजूला एक जाळीची झडपही ठेवा. उन्हाळ्यात जिन्याच्या पोकळीतली गरम हवा तिथून निघून जाते. वावटळीच्या दिवसांत ती बंद करता आली पाहिजे, नाहीतर सगळ्या पायऱ्यांवर धूळच धूळ.

जिन्याच्या कडेला कठड्याऐवजी विटांची साडेतीन फुटी भिंत असेल तर वरून उतरणारा उजेड ती लँडिंगपर्यंत येऊच देत नाही. ती काढून उभ्या बारचा कठडा लावा, बारमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. उंची तीन फुटांहून कमी नको. पायऱ्यांना कोटा फरशी असेल तर ती आलेल्या उजेडाचा जेमतेम पाव भाग परतवते. फोडायची गरज नाही, पण भिंती आणि छत तरी पांढरे हवेत. पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परतवतो, गडद सागवानी पॉलिशचं दार १०-१५ टक्के. चार दारं लँडिंगवर उघडत असतील तर त्यांचाच मोठा काळा पडदा होतो. दारांचा बाहेरचा भाग फिका केला तरी फरक डोळ्यांना कळतो. छताला चमकदार रंग देऊ नका, त्यात टॉवरच्या खिडकीचं प्रतिबिंब डोळ्यांवर येतं.

दारांच्या वरची काच हा दुसरा चांगला मार्ग. लेंटल सात फुटांवर असतं, छत दहावर. मधली भिंत साडेचार इंची पार्टिशन असेल तर लेंटलच्या वर दीड-दोन फूट उंच काचेची पट्टी सहज बसते. खोलीच्या खिडकीतला उजेड छताला लागून तिथून लँडिंगवर येतो. खासगीपण राहावं म्हणून रेघांची किंवा घासलेली काच घ्या. पण ती भिंत नऊ इंची असेल आणि स्लॅब तिच्यावर टेकलेला असेल तर हात लावू नका. आणखी एक गोष्ट आधीच घरात बोलून घ्या: रात्री लँडिंगचा दिवा बेडरूममध्ये दिसेल.

आता छत. वरचे सगळे उपाय पुरत नसतील तरच इथे या. साध्या घरांचा स्लॅब साडेचार-पाच इंचांचा असतो आणि त्यात ८ किंवा १० मिलिमीटरच्या मुख्य सळ्या साधारण ५-६ इंचांवर असतात. दोन फुटी भोकात चार-पाच मुख्य सळ्या कापल्या जातात. नव्या स्लॅबमध्ये भोकाच्या कडेने तेवढंच जादा लोखंड घालता येतं, जुन्यात नाही. म्हणून खालून लोखंडी चॅनल टाकावे लागतात, दोन्ही टोकं भिंतीवर किंवा बीमवर टेकवून. चॅनलचा आकार स्ट्रक्चरल इंजिनियरनेच ठरवायचा, सेंटरिंगवाल्याने नाही. कॉलमजवळ, बीममध्ये आणि पुढे लोंबणाऱ्या बाल्कनीच्या स्लॅबमध्ये भोक कधीच नाही. तोडायच्या आधी चारही बाजूंना टेकू. घणाने किंवा ब्रेकरने तोडू नका. हादऱ्याने सळी आणि काँक्रीटची पकड आजूबाजूलाही सुटते आणि बारीक भेगा पडतात, त्या दिसतात मात्र पुढच्या पावसात. डायमंड कटरने सरळ कापून घ्या.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा काचेत नसतं, कोब्यात असतं. गच्चीवर तीन-चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असतो आणि पावसाळ्यात तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. कारागीर भोकाचा काठ या कोब्यावरच उभा करतात, वरून सुंदर वॉटरप्रूफिंग करतात, आणि पाणी कोब्यातून, काठाच्या खालून, शांतपणे घरात येतं. मग तीन वर्षं लोक काचेभोवती सिलिकॉन मारत बसतात. बरोबर रीत अशी: भोकाच्या चारही बाजूंना एक-एक फूट कोबा काढून मूळ स्लॅब उघडा करायचा. स्लॅबमध्ये ड्रिल करून केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) ८ मिलिमीटरच्या उभ्या सळ्या बसवायच्या. त्यावर काँक्रीटचा काठ घालायचा, गच्चीच्या तयार पातळीपासून ९ ते १२ इंच वर येईल असा. काठ आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा (गोलाई) करायचा. मग पॉलिमर सिमेंटचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी, स्लॅबवरून थेट काठाच्या माथ्यापर्यंत. कोबा आणि चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) त्यानंतर, काठापासून दूर उतार देऊन, १०० ला १ तरी.

या काठावर पेटी उभी करायची. तीन बाजू भिंतीच्या, उत्तरेची बाजू काचेची: ३ फूट रुंद, दीड फूट उंच. वरचं छप्पर तीन इंची स्लॅबचं किंवा इन्सुलेटेड पत्र्याचं, दक्षिणेकडे उतरतं, काचेवर चार-सहा इंच पुढे आलेलं. ढगाळ आभाळाखाली उभ्या काचेवर आडव्या काचेच्या ४० टक्केच उजेड पडतो, हे खरं आहे. पण पुढची गच्ची पांढऱ्या चायना मोझॅकची असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड ही तूट बरीचशी भरून काढतो. काचेसमोर काळी टाकी किंवा कुंड्यांची रांग ठेवू नका. पेटीची आतली बाजू पांढरी. चौकट ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची, तिच्या खालच्या पट्टीला बाहेर पाणी निघायची भोकं असलीच पाहिजेत. कारागीर ती सिलिकॉनने बुजवून टाकतात, लक्ष ठेवा. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. ओल्या किंवा धुळीच्या जागेवर कुठलंच धरत नाही.

काचेबद्दल एकच आग्रह आहे, आणि तो सोडू नका. माणसाच्या डोक्यावर येणारी, आडवी किंवा तिरकी काच लॅमिनेटेडच हवी, दोन काचांमध्ये फिल्म असलेली. नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कधी कधी काही न लागताही फुटते आणि तिचे तुकडे एकमेकांना चिकटलेल्या ढेपांनी खाली पडतात. लॅमिनेटेड फुटली तरी फिल्मला धरून राहते. उभ्या काचेला टफन्ड चालते.

लँडिंग लहान असेल, म्हणजे ६×८ फूट, तर पेटीपेक्षा लाइट पाइप अनेकदा शहाणपणाचा. दहा इंचांचं भोक कोअर कटरने पाडायचं. सळ्या कुठे आहेत ते आधी लोकेटरने (सळी शोधणाऱ्या यंत्राने) पाहून घेतलं तर कमीत कमी सळ्या कापल्या जातात. इंजिनियरला दाखवा मात्र. वर पारदर्शक घुमट, मध्ये आरशासारखी नळी, खाली दुधी झाकण. उन्हाचं क्षेत्रफळ सहा चौरस फुटांच्या काचेच्या अकराव्या भागाइतकं, म्हणून उष्णता जाणवत नाही. लख्ख उन्हात तो साधारण २० ते २५ वॅटच्या एलईडीइतका उजेड देतो. दाट ढगांत मात्र दोन-तीन वॅटचा. श्रावणातही दिवा लावायचाच नाही अशी अपेक्षा असेल तर पाइपने निराशा होईल, पेटी करा.

इथे पैसे वाचवायला लोक पत्र्याचा डक्ट घालतात. त्याचं गणित पाहा. नळीत उजेड चार-पाच वेळा आपटत खाली येतो. प्रत्येक आपटीला ९८ टक्के परतवणारी नळी पाच आपट्यांनंतर ९० टक्के उजेड देते. ७० टक्के परतवणारा पत्रा १७ टक्के. वाचवलेले पैसे तिथेच गेले. घुमट आणि खालचं झाकण दोन्ही हवाबंद हवेत, नाहीतर थंडीत आत दव धरतं आणि धूळ चिकटते. घुमट वर्षातून दोनदा धुवायचा, होळीनंतर आणि दिवाळीआधी.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकून काम उरकायचा मोह होतो. टाकायचाच तर एवढं पाळा. तीन मीटरचा पत्रा थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. स्क्रूचं भोक स्क्रूइतकंच ठेवलं तर तो कटकट वाजतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत भोकापासून तडकतो. भोक मोठं, खाली रबरी वॉशर. ज्या बाजूला यूव्हीचं कोटिंग आहे ती वर, फिल्मवर तसं छापलेलं असतं. फिल्म आधीच काढून टाकली की कुठली बाजू ते कळत नाही, आणि उलटा लागलेला पत्रा लवकर पिवळा पडतो.

इंदूरमधल्या जेल रोड-रामबागकडच्या जुन्या घरांचं वेगळं. तिथे छत गर्डर आणि दगडी फर्शीचं असेल तर दोन गर्डरमधली एक फर्शी काढून तिथे काठ बांधता येतो, गर्डरला हात न लावता. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर असेल तर तीन-चार कवेलूंच्या जागी त्याच घाटाची काचेची घाला; जुन्या माजघरातला कवडसा असाच यायचा.

शेजारच्या सामाईक भिंतीत काचेच्या विटा घालायचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. भिंत एकट्याची नाही, आणि शेजाऱ्याला त्याच्या हद्दीत बांधकाम वर न्यायचा हक्क आहे. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात उजेडाचा हक्क २० वर्षं विनाखंड आणि विनातक्रार उपभोगल्यावरच मिळतो. जो उजेड शेजाऱ्याच्या प्लॉटवरून येतो त्यावर खर्च करू नका. टॉवर वाढवायचा किंवा पेटी बांधायची असेल तर आधी महापालिकेच्या भवन अनुज्ञा शाखेत विचारून घ्या.

कामाची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. मे संपायच्या आत पाण्याची चाचणी झालीच पाहिजे. गच्चीचे पाइप कापडाने बंद करा, काठाभोवती दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून ठेवा आणि खालून छतावर खडूने भोकाभोवती रेघ मारून ठेवा. दर सहा तासांनी हात लावून पाहा; ओल आधी हाताला लागते, डोळ्यांना नंतर दिसते. त्यानंतर नळीने काचेच्या चौकटीवर दहा मिनिटं तिरकं पाणी मारा, कारण तुंबलेलं पाणी चौकट तपासत नाही. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या दोन चाचण्यांनंतर द्या.